आठ शेंगांची खिडकी

यशवंत कुरणे वेळ शेंगांत मोजायचा. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांत. कॉम्प्युटरवर एखादी खिडकी उघडायची असली, की तो बटण दाबून माउसवरचा हात काढून घ्यायचा आणि खिशात घालायचा. शेंग काढायची, फोडायची, दाणे तोंडात टाकायचे, दुसरी घ्यायची. खिडकी पुरती उघडली, की टेबलावरची फोलपटं मोजून निकाल द्यायचा.

"आठ शेंगांची हाय, इंगळेसाहेब. लई झालं."

इंगळेसाहेब म्हणजे मी. आणि ती आठ शेंगांची खिडकी बहुतेक वेळा मीच लिहिलेली असायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते कळणारच आहे. दुसरंही एक सांगून टाकतो. मला या माणसाचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, जेवण गोड लागू नये इतका.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं. राजारामपुरीत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. सात माणसं, पाच कॉम्प्युटर आणि कीबोर्डवर बारमाही पिठाचा पातळ थर. दूध संस्था, खताची दुकानं, असल्या गिऱ्हाइकांसाठी आम्ही प्रोग्राम लिहायचो. पूर्वी सगळा कारभार काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चालायचा आणि कुणाची तक्रार नसायची. मग माउस आला, आणि सगळ्यांना खिडक्या, बटणं, रंग, चित्रं पाहिजे झाली. हे सगळं तयार मिळणारं एक टूलकिट मालकांनी आणलं. खिडकी काढायची कशी, बटण दाबल्यावर आत गेल्यासारखं दिसायचं कसं, हे टूलकिट बघायचं. त्यात काय भरायचं, ते आम्ही बघायचो. दिसायला सगळं देखणं, पण चालायला जड. गिऱ्हाइकं दोन दिवस खूश असायची आणि तिसऱ्या दिवशी फोन यायचा.

त्या फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "जरा कुरण्यास्नी द्या की."

आता मी इंजिनिअर. इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं काढून, पदवी घेऊन आलेला. कुरणे आला तो टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून. प्रोग्रामिंग शिकला संध्याकाळच्या क्लासात. गडमुडशिंगीहून बसनं यायचा, पाचच्या ठोक्याला उठून बसनं जायचा. ऑफिसला आग लागली असती तरी पाचला उठला असता, अशी माझी खात्री होती. पँटच्या उजव्या खिशात शेंगा, डाव्या खिशात फोलपटं. झाडायला येणाऱ्या मावशी त्याच्यावर खूश, कारण फोलपटं तो स्वतः भरून नेई. म्हणजे नावं ठेवायला तिथेही जागा नव्हती.

त्याचा एक ठरलेला प्रश्न असायचा. प्रोग्राम हळू चालतो म्हणून कुणी तक्रार घेऊन आलं, की मी लगेच कॉम्प्युटरची मेमरी किती, वीज नीट येते का, असलं विचारायला लागायचो. कुरणे दाणे चावत ऐकायचा आणि मग म्हणायचा, "मशीन हळू चालत नसतंय. मशीन थांबलेलं असतंय. कोण कुणासाठी थांबलंय, तेवढं हुडकायचं."

कसबा बावड्यात एका खताच्या दुकानात माझी एक खिडकी नऊ शेंगांची झाली होती. मी दोन दिवस त्यात डोकं घातलं आणि मालकांना लेखी कळवलं, की टूलकिटच असं आहे, इलाज नाही. कुरणे गेला. दुकानदाराशेजारी बाकावर बसला, तासभर काहीच केलं नाही. मग मला म्हणाला, "इंगळेसाहेब, तुमी काय करताय, दुकान उघडायच्या आधी सगळं गोडाऊन रस्त्यावर आणून मांडताय. गिऱ्हाइकाला पायजे असत्यात दोन पोती."

झालं होतं असं, की खिडकी उघडताना मी सगळ्या गिऱ्हाइकांची नावं एका यादीत भरत होतो. हजारो नावं. दुकानदाराला दिसायची फक्त पंधरा. कुरणेनं दिसतील तेवढीच नावं भरायची सोय केली आणि खिडकी एका शेंगेवर आली. दुकानदारानं त्याला आग्रहानं मिसळ खायला नेलं. मलाही नेलं म्हणा, पण "तुमी बी चला की पावणं," असं म्हणून. ती खिडकी माझी होती आणि पाव्हणा मी होतो.

माझं उत्तर मी माझ्या पद्धतीनं दिलं. मला चित्रकलेचं अंग आहे. लहानपणी ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या होत्या, त्याचा उपयोग असा कुठे होईल असं वाटलं नव्हतं. खिडकी उघडायला वेळ लागतो ना, मग तेवढ्यात माणसाला बघायला काहीतरी द्यावं, म्हणून मी दुधाची एक किटली काढली. चकचकीत, कडीसकट. ती पडद्याच्या मधोमध गोल फिरायची आणि खाली अक्षरं यायची, 'कृपया थांबा'. ऑफिसात सगळ्यांनी वाहवा केली. कुरणेनंही ती किटली बराच वेळ बघितली. कडीवरची चमक बघितली. मग म्हणाला, "किटली झ्याक हाय. पर थांबलेल्या माणसाला थांबा म्हणून सांगताय व्हय?"

आणि फोलपटं मोजून सांगितलं, की किटली फिरायला लागल्यापासून खिडकी दोन शेंगांनी वाढली आहे.

सगळ्यात राग यायचा तो त्याच्या ऐकण्याचा. तुम्ही बोलत असलात की कुरणे मध्ये एक अक्षर काढायचा नाही. शेंगा खात तुमच्याकडे बघत राहायचा. तुमचं बोलणं संपलं तरी आणखी दोन शेंगा जाऊ द्यायचा, न जाणो तुम्हाला काही आठवलं तर. त्या दोन शेंगांच्या शांततेत माणसाला आपलंच बोलणं पोकळ वाटायला लागतं. मी तिथे हमखास आणखी काहीतरी बोलून जायचो आणि फसायचो. हा त्याचा डाव आहे असं माझं पक्कं मत होतं.

एकदा तो माझ्या घरी जेवायला आला. रविवारी दुपारी, तेही तासभरच. माझ्या बायकोनं, सुनंदानं, त्याला तिच्या मावसबहिणीच्या लग्नात मांडवाला आग कशी लागली ते सांगितलं. ही गोष्ट मी अकरा वर्षांत अर्धीसुद्धा ऐकलेली नाही, कारण शेवट मला माहीत आहे. कुरणेनं ती नारळापासून अक्षतांपर्यंत ऐकली. तो गेल्यावर सुनंदा म्हणाली, "कुरणेभावजींसारखं ऐकावं माणसानं. तुम्ही मला आजवर एक वाक्य पुरं करू दिलंय का?"

"दिलंय की, परवाच तू..."

"बघा," ती म्हणाली, आणि ताटं उचलून आत गेली.

ऑफिसातलं मी एक वेळ सोसलं असतं. घरातही तोच मोठा झाला, तेव्हा पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना.

अशात जयसिंगपूरजवळच्या एका गावच्या दूध संस्थेचं काम आलं. मालक म्हणाले, ही एक संस्था खूश झाली की त्या भागातल्या चाळीस संस्थांचं काम आपल्याला मिळेल, आणि त्या सगळ्या कामावर मी एक प्रमुख नेमणार आहे. बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं. मी तेवढ्यावर सासरी सांगूनही टाकलं. आता त्या प्रमुखपदावाचून मला सासरी तोंड दाखवायची सोय नव्हती.

म्हणून संस्थेचा पडदा मी जीव ओतून केला. सभासदांची मोठी यादी, आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो गाईचं दूध घालतो की म्हशीचं, ते सांगणारं चित्र. गाय साधी होती. म्हैस मात्र मी सासऱ्यांच्या गोठ्यात जाऊन, फोटो काढून, त्यावरून केली. शिंगांची वळणं, कपाळावरचा पांढरा ठिपका, डोळ्यांतला तो कायमचा कंटाळा. नुसत्या शिंगांना तीन दिवस लागले. चित्र चांगलं मोठं काढलं आणि यादीत दिसताना टूलकिटनं ते बारीक करून दाखवावं अशी सोय केली. ऑफिसात पाच सभासद घालून बघितलं. पळत होतं.

संस्थेत आठवड्यात बोंब झाली. सेक्रेटरी आण्णा पाटील, सत्तरीचे, स्पष्ट बोलणारे, त्यांचा फोन आला. "अवो, आकडा दाबतोय, चूळ भरून येतोय, तवा आकडा दिसतोय. बायका किटल्या घिऊन रस्त्यापतोर उभ्या हायत्या. शनवारपतोर बघा, न्हाईतर आमची वही बरी." आणि मग अर्थातच, "कुरण्यास्नी घिऊन या की."

शुक्रवारी सकाळी सहाला आम्ही दोघं संस्थेत हजर. मी सरळ कॉम्प्युटरकडे गेलो. कुरणे रांगेत जाऊन उभा राहिला. खरंच उभा राहिला, बायकांच्या मागं, हातात किटली नसताना. पुढची म्हातारी म्हणाली, "तुमचं दूध कुटं हाय?" तर म्हणाला, "माझं न्हाय, आज्जी. किती वेळ लागतोय ते बघतोय." म्हातारीनं मग त्याला संस्थेचं, सुनेचं, गुडघ्याचं, सगळं सांगितलं, आणि त्यानं ते सगळं ऐकलं. रांग संपून तो माझ्याजवळ आला तेव्हा त्याचा डावा खिसा फोलपटांनी फुगला होता.

मग तो आण्णांच्या शेजारी बसला. "आण्णा, कुणाचा तरी नंबर मारा. सावकाश, एकेक आकडा."

आण्णांनी एक दाबला. कुरणे पडद्याकडे बघतच नव्हता. तो बघत होता खाली, कॉम्प्युटरच्या डब्यावरच्या बारक्या लाल दिव्याकडे. हा दिवा डिस्क चालू असली की लुकलुकतो. आण्णांनी एक दाबला, दिवा लागला. चार दाबला, दिवा लागला. सात दाबला, पुन्हा लागला. एकशे सत्तेचाळीस पडद्यावर उमटेपर्यंत अकरा शेंगा झाल्या.

"आकड्याला डिस्कचं काय काम?" कुरणे स्वतःशीच म्हणाला. मग त्यानं माझा प्रोग्राम उघडून वाचायला घेतला. पाच मिनिटांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "कोण कुणासाठी थांबलंय बघा. आण्णांचं बोट पडद्यासाठी थांबलंय. पडदा डिस्कसाठी थांबलाय. आनि डिस्क म्हशी आणाय गेलीया."

मला सगळं एकदम समजलं. एक आकडा दाबला की टूलकिट पूर्ण यादी नव्यानं काढत होतं. पडद्यावर तीस ओळी. प्रत्येक ओळीला ते मला विचारायचं, इथे काय दाखवू? आणि मी लिहून ठेवलेलं उत्तर असं, की डिस्कवर जा, मोठी म्हैस आण, बारीक कर आणि दाखव. तीन आकड्यांना नव्वद वेळा. शिंगांसकट.

"एकदाच आणा," कुरणे म्हणाला, "बारीक करून दावणीला बांधा, आनि कुणी मागितली की तिथलीच दावा. दर टायमाला गोठा कशाला गाठायचा?"

एवढंच काम होतं. दुपारपर्यंत मी ते केलं, आणि ज्या ओळीत बदल झाला तेवढीच ओळ पुन्हा काढायची सोय कुरणेनं केली. आण्णांनी नंबर मारला. कुरणेनं शेंग फोडायला घेतली आणि ती फुटायच्या आत आकडा उमटला. "अर्धी," तो म्हणाला. त्याच्या तोंडून अर्धी मी पहिल्यांदा ऐकली.

आण्णा म्हणाले, "पर ही चूक केलती कुणी?"

कुरणेनं फोलपटं गोळा केली आणि म्हणाला, "टूलकिटाची खोड हाय, आण्णा. नवं हाय, शिकंल."

दुसरा कुणी असता तर त्याचे पाय धरले असते. माझ्या मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला वाटलं, हुशारीही यानंच दाखवायची आणि मोठेपणाही यानंच घ्यायचा. आम्ही काय नुसतं बघत बसायचं?

परत येताना बसमध्ये त्यानं विचारलं, "इंगळेसाहेब, ती म्हशीची मोठी चित्रं हायत न्हवं? आनि किटली, गाय, बटणांवरची कात्री, दिवा, घर, सगळी? मला कागदावर छापून पायजे होती. मोठी."

"कशाला?"

त्यानं आधी एक शेंग फोडली. "हाय एक काम," म्हणाला.

शनिवारी मी त्याला बावीस चित्रं छापून दिली. ती त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून, मोडू नयेत म्हणून पुठ्ठ्यात घालून नेली. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा पुरावा गोळा करतोय. सोमवारी मालक प्रमुख नेमणार. त्यांच्या टेबलावर हा माझी चित्रं मांडणार आणि म्हणणार, बघा साहेब, ह्या म्हशींनी संस्था बुडवली असती. आण्णांसमोर गप्प बसला तो उगाच नाही. रविवारचं जेवण मला गेलं नाही. सुनंदा काहीतरी सांगत होती, ते मी अर्ध्यातच तोडलं आणि स्कूटर काढून गडमुडशिंगीला गेलो. चित्रं परत मागायची, नाहीतर सरळ भांडायचं, असं ठरवून.

दोन खोल्यांचं घर, बाहेर तुळतुळीत सारवलेलं अंगण. दार उघडंच होतं. मी उंबऱ्याशी जाऊन थांबलो आणि बोलायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या खाली, हाताला येतील अशा उंचीवर, माझी बावीस चित्रं ओळीनं चिकटवली होती. खुर्चीत एक बाई बसली होती. पस्तिशीची असेल. अंगावर इस्त्रीची साडी, केस नीट विंचरलेले, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. तिच्यासमोर पाटावर कुरणे. कुरणेचं बोट म्हशीवर होतं आणि दुसऱ्या हातानं तो शेंगा फोडत होता.

बाईचे ओठ हलत होते. शब्द तोंडापर्यंत आलेला दिसत होता, पण बाहेर पडत नव्हता. कपाळावर घाम आला होता. मला ते बघवेना. 'म्हैस' हा शब्द माझ्या तोंडातून निघणार, एवढ्यात कुरणेनं मान न वळवता हात मागं केला आणि माझ्या मुठीत चार शेंगा कोंबल्या. मी आलोय हे त्याला केव्हाच कळलं होतं. मी मुकाट्यानं एक फोडली.

"म्ह..." बाई म्हणाली. कुरणेनं आणखी एक फोडली. मीही.

"म्हैस."

"चौदा," कुरणे म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

मग त्यानं सांगितलं. ही शालन, त्याची बायको. चार वर्षांपूर्वी तापात तिच्या मेंदूला इजा झाली. हिंडण्याफिरण्याचं बरंचसं परत आलं, बोलणं आलं नाही. "समजतंय सगळं. शब्द बी आत हायत. पर बाहेर याला टाइम लागतोय."

"आधी ह्या बालवाडीत होत्या," तो म्हणाला. "लई बोलायच्या. आमच्यात बोलायचं काम सगळं हिचंच हुतं. मला गरजच न्हवती पडली." त्यानं पाटाजवळची फोलपटं गोळा केली. "दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, काय बी होऊ दे, तिचा शब्द तुमी बोलायचा न्हाय. एकदा बोललासा की ती सोडून देती. आता माझं तोंड कसं गप बसायचं? बघवतच न्हाय की. मग शेंगा चालू केल्या. तोंडात दाणं असलं, की मधी बोलता येत न्हाय."

बालवाडीतली तक्त्यांवरची चित्रं त्यानं लावून बघितली होती. ती बघून शालनवहिनी रडायच्या. ज्या तक्त्यांवरून स्वतः मुलांना शिकवलं, त्यांच्यावरूनच शिकायचं, हे त्यांना सोसायचं नाही. "तुमची चित्रं आणली, तर हासल्या. म्हशीचं तोंड बघून. पयल्यांदा हासल्या, इंगळेसाहेब." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मला सरळ रेघ ओढाय येत न्हाय. मशीनचं काय, हुडकलं की घावतंय. तुमच्यासारकं काडाय आलं असतं तर चार वरसं कवाच... लई हेवा वाटतोय बघा मला तुमचा."

दोन वर्षं ज्याच्यावर जळत होतो, तो माझ्यावर जळत होता, आणि ते त्यानं असं सहज, शेंगेसारखं फोडून दाखवलं. मला बोलता आलं असतं तर मीही सांगितलं असतं. पण खरं सांगू? तिथे उभं राहूनही माझा हेवा गेला नव्हता, फक्त त्याची जागा बदलली होती. एका शब्दासाठी चौदा शेंगा थांबता येणं, रोज, चार वर्षं, हे मला आयुष्यात जमणार नव्हतं. पाचची बस तो का चुकवत नाही, ते मला तेव्हा कळलं.

निघताना शालनवहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. मी उरलेल्या शेंगा फोडल्या, मग कुरणेनं पुढं केलेल्या. नऊ झाल्यावर त्या म्हणाल्या, "चहा."

चहा घेऊनच निघालो.

सोमवारी मी मालकांना म्हशींचं सगळं स्वतःच सांगितलं. ते पोट धरून हसले आणि प्रमुख कुरणेला केलं. मला चार दिवस वाईट वाटलं, सासरी जायचं मी दिवाळीपर्यंत टाळलं. पण दर शनिवारी एक नवं चित्र छापून कुरणेच्या टेबलावर ठेवायला लागलो. कंगवा, छत्री, तवा, बस. सोमवारी तो आला, की खुर्चीत बसायच्या आधी माझ्याजवळ येऊन फक्त आकडा सांगायचा. "छत्रीला अकरा." "तव्याला आठ." ऑफिसातल्या लोकांना वाटायचं, आम्ही कुठल्या तरी खिडकीबद्दल बोलतोय. माझ्याही ड्रॉवरमध्ये शेंगा आल्या. सुनंदाच्या मावसबहिणीच्या लग्नात मांडवाला आग कशी लागली, ते मी एका संध्याकाळी एकोणतीस शेंगांत पूर्ण ऐकलं. शेवट मला माहीत होता तो नव्हताच.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी कुरणे खाली चहा आणायला गेला होता आणि माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मी उचलून हॅलो म्हणालो, पलीकडे कुणी बोलेना. पुन्हा म्हणालो. नुसता श्वास ऐकू येत होता. एरवी मी फोन आपटला असता. कोण जाणे कसं, हात ड्रॉवरकडे गेला.

एक फोडली. दोन. तीन. चार.

पाचवीला आवाज आला. "भाव...जी."

मी शेंगा फोडत, दाणे चावत राहिलो.

"शेंगा... संपल्या."

आणि फोन ठेवल्याचा आवाज आला.

कुरणे चहाचे दोन ग्लास घेऊन वर आला. मी म्हणालो, "वहिनींचा फोन आला होता."

तो दारातच थांबला. "कुणी लावून दिला?"

"शेवटपर्यंत दुसऱ्या कुणाचा आवाज आला नाही. त्यांनीच लावला असणार. शेंगा संपल्यात म्हणाल्या."

त्यानं ग्लास टेबलावर ठेवले. एकातला चहा थोडा सांडला. "किती?" त्यानं विचारलं.

"पहिल्या शब्दाला पाच. मग दोन-दोनच."

कुरणे खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. खाली गिरणी चालू होती. त्याचे खांदे हलत होते, आणि त्याला काहीतरी बोलायचं होतं हे मला दिसत होतं. सुचवायला माझ्याजवळ दहा शब्द तयार होते. मी ड्रॉवर उघडला आणि शेंगा फोडायला लागलो.

तो बोलेपर्यंत माझ्या बारा झाल्या.